मोबदल्यात काही नाही

उत्तर खोरे भूमी न्यासाने एकवीस वर्षांत एकशे त्रेचाळीस पोचपत्रे पाठवली. त्यांपैकी एकशे बेचाळीस पत्रांत शेवटून दुसरे वाक्य अक्षरशः एकच आहे : ‘या दानाच्या मोबदल्यात न्यासाने दात्यास कोणतीही वस्तू अथवा सेवा दिलेली नाही.’ श्री. मर्टन टेनी यांना १७ जानेवारी २०१७ रोजी पाठवलेल्या पत्रात हे वाक्य नाही.

“सगळी वाचलीत?” ब्रॅमने विचारले.

“सगळी. काल नऊला बसले, तीनला उठले.”

“एकशे त्रेचाळीस?”

“मोजून.”

ब्रॅम हॉलिस्टर हा न्यासाचा संचालक. चौतीस वर्षांचा, कामावर येऊन दीड वर्ष झालेला. लोर्ना पीझली ही कार्यालयातली एकमेव कारकून, वय त्रेसष्ट. न्यास सुरू झाला त्या वर्षापासून ती याच टेबलाशी होती. त्याआधी नऊ वर्षे तिने राज्याच्या माती तपासणी प्रयोगशाळेत नमुने तोलले होते आणि दशांशाच्या चौथ्या स्थळापर्यंतचे आकडे वहीत उतरवले होते. जे दिसले ते लिहायचे, जे दिसले नाही ते लिहायचे नाही, एवढा एकच नियम तिथे भिंतीवर टाचलेला होता. ती नोकरी सुटली; नियम सुटला नाही.

व्हरमाँटच्या उत्तरेकडे, हार्लो मिल्स गावात, पेंडीच्या दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत न्यासाचे कार्यालय होते. लोक इथे येऊन जमीन देत नसत, जमिनीवरचा हक्क देत. जमीन मालकाचीच राहते. तिच्यावर नवी घरे बांधण्याचा, तिचे तुकडे पाडण्याचा, रान सरसकट तोडण्याचा हक्क तेवढा तो न्यासाच्या हवाली करतो, कायमचा. त्यानंतर तो हक्क कुणालाच वापरता येत नाही, न्यासालाही नाही. ज्या गोष्टीला बाजारात किंमत आहे ती माणसाने देऊन टाकली, म्हणून सरकार त्या किमतीची वजावट प्राप्तिकरात देते. त्यासाठी नियम पुष्कळ आहेत. दान कायमचे हवे. किमतीचा अंदाज पात्र माणसाने, आणि दानाआधीच्या साठ दिवसांहून जुना नाही असा, केलेला हवा. जमिनीवर कर्ज असेल तर बँकेने आपला हक्क मागे घेतलेला हवा. आणि विवरणपत्र भरण्यापूर्वी दात्याच्या हातात एक पत्र हवे, ज्यात त्याला बदल्यात काय मिळाले ते लिहिलेले असेल. काही मिळाले नसेल, तर काही मिळाले नाही असे लिहिलेले असेल.

मर्टन टेनीने शेवटचा सोडून सगळे नियम पाळले होते. शेवटचा पाळणे त्याच्या हातात नव्हते. त्याचे विवरणपत्र भरणाऱ्या हिशेबनिसाने पत्र जपून फाइलला लावले, वाचले नाही. आता कर खात्याने वजावट नाकारली होती.

“वकिलांशी बोललो मी,” ब्रॅम म्हणाला. “पत्रात नसलं तरी दानपत्रात असतं तर निभावलं असतं. पण आपल्या दानपत्राची पहिली ओळ आठवतीये ना?”

तिला ती पाठ होती. ‘दहा डॉलर व इतर मौल्यवान मोबदला मिळाल्यावरून...’

“ती सगळ्याच खतांत असते,” लोर्ना म्हणाली. “माझ्या आजोबांच्या घराच्या खतात आहे. दोनशे वर्षं चालत आलीये.”

“मर्टनना दहा डॉलर दिले कुणी?”

“कुणीच नाही. कुणीच कुणाला देत नाही. वकील लिहितात.”

“कर खातं म्हणतं, लिहिलंय म्हणजे दिले. आणि ‘इतर मौल्यवान मोबदला’ काय होता तेही सांगा म्हणतं.”

लोर्ना खिडकीबाहेर पाहत राहिली. खाली एक माणूस गाडीत पेंडीची पोती चढवत होता.

“आज नवीन पत्र दिलं तर?”

“विवरणपत्र भरलं सतराच्या एप्रिलमध्ये. त्याच्या आत पत्र हातात हवं होतं. आता एकोणीसचा ऑक्टोबर चाललाय.”

“म्हणजे दान झालंच नाही.”

“दान झालंय. गावच्या नोंदवहीत चढलंय, आणि ते कुणाला मागे घेता येणार नाही. फक्त वजावटीपुरतं झालेलं नाही.”

एका वहीत दान कायमचे होते आणि दुसऱ्या वहीत ते कधीच नव्हते. लोर्नाने त्यात विसंगती शोधून पाहिली, सापडली नाही. दात्याला काही मिळाले की नाही, हे कुणी सांगितल्याशिवाय सरकारला कळणार कसे? खोटी दाने दाखवून वजावट लाटणारे लोक जगात आहेत, हे तिला ठाऊक होते. नियम समंजस होता. त्याने एक वाक्य मागितले होते, आणि वाक्य नव्हते.

“कसं राहिलं असेल?” ब्रॅमने हळू आवाजात विचारले. त्याच्या बोलण्यात आरोप नव्हता, आणि तेच तिला जड गेले.

“बघते,” ती म्हणाली.

*

मर्टनची मुलगी कार्लीन दुसऱ्या दिवशी दुपारी आली. ती शाळेची बस चालवत असे. सकाळच्या आणि संध्याकाळच्या फेऱ्यांमध्ये तिला अडीच तास मिळत. तिने कोट काढला नाही.

“अठ्ठावन्न हजार,” ती म्हणाली. “कर, त्यावरचा दंड, आणि त्यावरचं व्याज. बाबांना अजून आकडा सांगितला नाहीये मी.”

मर्टनने एक्केचाळीस वर्षे लाकूड चिरण्याची गिरणी चालवली आणि २०१६ च्या उन्हाळ्यात, बायको अर्डिस अंथरुणाला खिळल्यावर, विकली. त्याच वर्षी त्याने आपल्या दोनशे बारा एकर रानावरचा हक्क न्यासाला दिला. ती इच्छा अर्डिसची होती. “सगळ्या मुलखाचं रान चिरलंस,” ती म्हणायची, “आपलं तेवढं उभं राहू दे.” गिरणीच्या विक्रीवरचा कर या दानाच्या वजावटीने बराच कमी झाला होता. उरलेले पैसे इस्पितळांत गेले. आता त्याच्याकडे घर होते, रान होते आणि दरमहाचे निवृत्तिवेतन होते.

“घराभोवतीची चार एकर काढून विकली असती,” कार्लीन म्हणाली, “तरी भागलं असतं. पण तुकडा पाडायचा नाही. तुमच्याच कागदात लिहिलंय.”

“हो. मीच टाइप केलंय.”

“म्हणजे विकायचं तर सगळंच. बॉस्टनचा एक दातांचा डॉक्टर दोन वर्षं मागे लागलाय. त्याला तर आनंदच होईल. शेजारी कधी घर होणार नाही म्हणून!” ती हसली, ते हसणे चांगले नव्हते. “लोर्ना, विनिफ्रेडच्या नावाचे जुने कागद असतील ना अजून?”

विनिफ्रेड बॅस्कम ही न्यासाची पहिली संचालक. ती वारून वर्ष झाले होते.

“आहेत.”

“आणि तिच्या सहीचा शिक्का?”

लोर्नाने कपाटाकडे पाहिले.

“मी काय चोरी करायला सांगत नाहीये. एक ओळ आहे. आणि ती खरी ओळ आहे! काय दिलंत हो तुम्ही बाबांना? कॅलेंडर?”

“कॅलेंडर सगळ्यांनाच जातं.”

“तेच म्हणतीये मी. मग खरी गोष्ट लिहायला काय हरकत आहे? दोन पत्रं होती म्हणा, एक आत्ता सापडलं म्हणा.”

“मला आधी कळू दे ती ओळ गेली कुठे.”

“कळून काय होणार?”

“ते अजून माहीत नाही.”

“बाबा म्हणतात ते खोटं नाही.” कार्लीनने किल्ल्या उचलल्या. “विहिरीत पडलेला माणूस दाखवला, तर लोर्ना आधी विहिरीची खोली मोजेल.”

दारापर्यंत जाऊन ती वळली. “रागावू नका. मी रोज पन्नास पोरं बसमधून नेते, सगळ्यांवर ओरडते. सवय लागलीये.”

“रागावले नाही,” लोर्ना म्हणाली. “पण खोली मोजल्याशिवाय दोर किती लांब हवा ते कळत नाही.”

“तोपर्यंत माणूस बुडतो ना.”

कार्लीन गेल्यावर तिने कपाट उघडले. वरच्या फळीवर विनिफ्रेडच्या नावाचे अर्धे रीम कागद होते, कडा किंचित पिवळ्या पडलेल्या. शिक्का खालच्या खणात होता. तिने संगणकावर ते पत्र उघडले, वाक्य त्याच्या जागी टाइप केले, आणि मोजून पाहिले. पत्र एकाच पानात बसत होते. तारखेला धक्का लागत नव्हता. सगळे मिळून चार मिनिटांचे काम होते, आणि त्या चार मिनिटांच्या शेवटी जो कागद तयार होणार होता त्यातला एकही शब्द खोटा नसणार होता. खोटी असणार होती ती फक्त तारीख.

तिने बदल न जपता पत्र बंद केले. मग तिच्या लक्षात आले, की आपण आत्ता जे केले ते कुणीतरी एकदा उलट्या बाजूने केलेले आहे.

पोचपत्राचा एक साचा होता. प्रत्येक पत्र त्या साच्यावरून निघे, आणि साच्यात वाक्य होते. जे एकशे बेचाळीस वेळा आपोआप आले ते एकदाच आपोआप गेले, असे यंत्रे करत नाहीत. म्हणजे वाक्य विसरले गेले नव्हते. पुसले गेले होते. पत्र शेवटचे जपले गेल्याची वेळ यंत्राने नोंदवून ठेवली होती : १७ जानेवारी, दुपारी चार वाजून चाळीस मिनिटे. विनिफ्रेडने या संगणकाला आयुष्यात हात लावला नव्हता. तिला समोर आलेल्या कागदावर सही करायची एवढेच माहीत होते. तेव्हा कार्यालयात तिसरे कुणी नव्हते.

लोर्नाने प्रयोगशाळेतल्यासारखे एका कागदावर तीन शक्यता लिहिल्या आणि दोन खोडल्या. उरलेल्या शक्यतेत तिचे स्वतःचे नाव होते. तिला त्या दुपारचे काहीही आठवत नव्हते.

मागच्या खोलीत दात्यांची खोकी रचून ठेवलेली होती. टेनीचे खोके खालून दुसरे होते. त्यात रानाचे एकोणसाठ फोटो होते, प्रत्येकाच्या मागे जागा आणि दिशा लिहिलेली. नकाशा होता, किमतीचा अहवाल होता, आणि सगळ्यांत खाली पोचपत्राची पहिली, कच्ची प्रत होती. शेवटून दुसऱ्या वाक्यावर पेन्सिलीची एक सरळ रेघ मारलेली होती. समासात तिच्या स्वतःच्या अक्षरात लिहिले होते : ‘११?’ आणि त्याखाली : ‘वि.ला विचारणे.’

ती खोक्यावर बसली. अकरा म्हणजे काय, हे समजायला तिला क्षणभरही लागला नाही.

अर्डिस टेनी नोव्हेंबरच्या बारा तारखेला गेली. हार्लो मिल्समध्ये कुणी गेले, की त्या घरी शेजारपाजारचे लोक शिजवलेले जेवण पोचवतात : मॅकरोनी आणि खिमा, मेपलच्या पाकात मुरवलेल्या बीन्स, चिकनचा रस्सा. भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी लावून त्यावर नाव लिहितात, म्हणजे दुःखातल्या माणसाला कुठले भांडे कुणाचे हे आठवत बसावे लागत नाही. प्रत्येक घरातून एक भांडे जाते. एकदा. लोर्ना नऊ आठवड्यांत अकरा वेळा गेली होती.

दान या नऊ आठवड्यांच्या मधेच झाले, डिसेंबरच्या विसाव्या तारखेला. आणि जानेवारीत एका दुपारी ती टेबलाशी बसून पोचपत्र टाइप करत होती. ‘कोणतीही वस्तू’ असे तिच्या डोळ्यांसमोर उमटले. चिकनचा रस्सा ही वस्तू होती. तो सहा मैल नेऊन पोचवणे ही सेवा होती. तिने पेन्सिल उचलली.

ते जेवण जमिनीच्या बदल्यात नव्हते, हे दुसऱ्या कुठल्याही माणसाला, दुसऱ्या कुठल्याही दिवशी, तत्काळ दिसले असते. विनिफ्रेडने चष्म्यावरून पाहून दोन सेकंदांत सांगितले असते. विनिफ्रेड पलीकडच्या खोलीत होती. दोन्ही खोल्यांमधले दार उघडे असे. समासात विचारण्याची आठवण लिहिलेली होती. तिच्यापुढे, काम झाल्यावर लोर्ना करत असे ती बरोबरची खूण नव्हती.

*

शनिवारी सकाळी ती मर्टनकडे गेली. तो ओसरीत सरपण रचत होता. त्र्याहत्तराव्या वर्षी त्याने गिरणी सोडली, पण लाकूड सोडले नव्हते. आता शहात्तरावे चालू होते. डाव्या हाताची दोन बोटे त्याने फार पूर्वी करवतीला दिली होती.

“कर खात्याची माणसं आली वाटतं,” तो म्हणाला.

“मीच आहे.”

“तेच ते. ये आत. कॉफी आहे, पण सकाळची.”

स्वयंपाकघरात चूल पेटलेली होती. अर्डिसची खुर्ची खिडकीशीच होती. तिच्यावर वर्तमानपत्रांचा गठ्ठा होता.

“कार्लीनला वाटतं मला आकडा माहीत नाही,” मर्टन म्हणाला. “पाकीट माझ्या नावाने आलं होतं. अठ्ठावन्न हजार. पोरगी मला वाचता येत नाही असं धरून चाललीये.” त्याने कप पुढे केला. “आणि माझे दहा डॉलर कुठे आहेत? सगळे म्हणतात मला मिळाले.”

“वकिलांकडे असतील.”

“मग गेलेच ते.”

लोर्नाने पिशवीतून ती प्रत काढून टेबलावर ठेवली. त्याने ती हात लांब करून धरली, पेन्सिलीच्या रेघेवर अंगठा ठेवला, आणि वाचली.

“ही रेघ कुणाची?”

“माझी.”

“आणि हे अकरा काय?”

“जेवणं. अर्डिस गेल्यावर मी आणत होते ती.”

मर्टनने कागद खाली ठेवला. “अकरा झाली होती?”

“अकरा.”

“मी आठ मोजली होती.”

“तुमची बोटंच आठ आहेत.”

तो हसला नाही, पण त्याच्या डोळ्यांपाशी काहीतरी हलले. “त्यातली तीन तरी मॅकरोनी होती.”

“चार.”

“चौथी मी कुत्र्याला घातली असणार.” त्याने कागद पुन्हा जवळ ओढला. “म्हणजे तुला वाटलं, तो मोबदला झाला.”

“वाटलं नाही. शंका आली.”

“जमिनीसाठी आणत होतीस?”

“नाही.”

“मग ‘नाही’ असं लिहायचं होतंस की.”

“हो,” लोर्ना म्हणाली. “तेच लिहायचं होतं.”

चुलीत एक ओंडका खचला. मर्टनने उठून तो नीट केला, आणि पाठमोरा असतानाच म्हणाला, “इथे लिहिलंयस, विनिफ्रेडला विचारणे. विचारलं नाहीस?”

“नाही.”

“का?”

तिने गाडीत बसून सहा मैल या एका प्रश्नाचे उत्तर जुळवले होते. विसरले असे सांगता आले असते. तीन वर्षांनी ते कुणी पडताळून पाहिले नसते.

“विचारलं असतं, तर तिने विचारलं असतं अकरा का. सगळ्यांनी एकेकदाच नेलं होतं.”

मर्टन चुलीचे दार लावत होता. ते लावून झाल्यावरही त्याचा हात कडीवरच राहिला. तो काय म्हणेल याची तिने वाट पाहिली नाही; वाट पाहण्यासारखे काही आहे असे ती धरून आलीच नव्हती. तो वळला, येऊन बसला, आणि कागदाची घडी पूर्वी होती तशीच घातली.

“कार्लीन तुझ्याकडे आली होती,” तो म्हणाला.

“हो.”

“नवीन पत्र करा म्हणाली?”

“जुनं. जुन्या तारखेचं.”

“करणार आहेस?”

“तुम्हाला विचारल्याशिवाय नाही म्हणून टाकायचं नव्हतं. घर तुमचं जाणार आहे.”

त्याने खिडकीतून बाहेर पाहिले. ओढ्यापलीकडे मेपलची पाने गळून गेली होती. आतल्या बाजूचे काळसर देवदार आता स्पष्ट दिसत होते.

“त्या दानपत्रात एक खोटं आहेच,” तो म्हणाला. “दहा डॉलरचं. तेवढं पुरे.”

लोर्नाने कप दोन्ही हातांत धरला. “माझ्याकडे एकोणीस हजार साठलेले आहेत.”

“कशाच्या मोबदल्यात?”

“कशाच्याच नाही.”

“मग तेही तुला लिहून द्यावं लागेल, आणि तुझा त्यातला लौकिक काही बरा नाही.” हे त्याने इतक्या हळू सांगितले, की त्यातली थट्टा तिला उशिरा कळली. “ठेव ते. डॉक्टर बरा माणूस आहे. त्याला झाडांतलं काही कळत नाही. त्यामुळे तो ती तोडणार नाही.”

“तोडायची झाली तरी त्याला तोडता येणार नाहीत.”

“माहितीये. अर्डिसला तेच हवं होतं. तिला वजावट नको होती. ती मला हवी होती.”

लोर्ना निघाली तेव्हा तो “थांब” म्हणाला आणि आतल्या खोलीत गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात जाड काचेचे एक निळे भांडे होते. बुडाला चिकटपट्टी होती. तिच्यावरची शाई फिकट झाली होती, पण ‘पीझली’ हे नाव वाचता येत होते.

“हे शेवटचं,” तो म्हणाला. “द्यायचं राहिलं.”

भांडे स्वच्छ होते. बरेच दिवस वापरात नसलेल्या भांड्यावर धूळ असते, याच्यावर नव्हती. लोर्नाने ते पाहिले, आणि त्याबद्दल काही विचारले नाही.

*

ब्रॅमने पेन्सिलीची खूण असलेली प्रत आणि घडलेल्या प्रकाराचे निवेदन कर खात्याला पाठवले. उत्तर नऊ आठवड्यांनी आले. ते सभ्य होते आणि दीड पानी होते. वाक्य नसण्याचे कारण नियम विचारत नाही, असा त्याचा सारांश होता. दंड त्यांनी माफ केला. कर आणि व्याज राहिले.

मे महिन्यात रान आणि घर बॉस्टनच्या डॉक्टरकडे गेले. मर्टन कार्लीनच्या घरातल्या मागच्या खोलीत राहायला गेला. तिथून एक रस्ता आणि शाळेच्या बस उभ्या करायचे आवार दिसते.

न्यासाच्या माणसाला दरवर्षी एकदा प्रत्येक जमिनीची हद्द चालून यावी लागते. दान पाळले जात आहे की नाही, हे पाहण्यासाठी. त्या वर्षी टेनीच्या रानाची हद्द लोर्ना चालली. कागदोपत्री ती जमीन अजून त्याच नावाने ओळखली जाते. मालक बदलला तरी दात्याचे नाव बदलत नाही. तिला चालायला साडेचार तास लागले. तिने एकोणसाठ जागांवर उभे राहून एकोणसाठ फोटो काढले आणि जुन्यांशी ताडून पाहिले. नवे बांधकाम नव्हते. तोड नव्हती. ओढ्याकाठचा एक जुना मेपल वाऱ्याने पडला होता. त्याची नोंद तिने केली.

कार्यालयात परतल्यावर तिने तपासणीचा अहवाल टेनीच्या खोक्यात ठेवला, आणि त्याच्याबरोबर एक पान, जे तिच्याकडे कुणी मागितले नव्हते. त्यावर तारीख होती, सही होती आणि पुढील मजकूर होता :

‘टेनी प्रकरण. पोचपत्रातील वाक्य वगळले जाण्याचे कारण.

वाक्य मी वगळले. यात यंत्राचा किंवा कै. विनिफ्रेड बॅस्कम यांचा दोष नाही. श्रीमती टेनी यांच्या मृत्यूनंतर नऊ आठवड्यांत मी श्री. टेनी यांच्या घरी अकरा वेळा जेवण नेले. गावात एकदा नेण्याची रीत आहे. ते जेवण जमिनीच्या मोबदल्यात नव्हते. तरी ते तसे धरले जाईल काय, अशी मला शंका आली. ती संचालकांना विचारणे माझे काम होते. विचारले असते, तर अकरा वेळा का, हे सांगावे लागले असते. म्हणून विचारले नाही.

त्या जेवणाच्या मोबदल्यात मला कोणतीही वस्तू अथवा सेवा मिळालेली नाही. एक भांडे मिळाले. ते माझेच होते.’